परसबाग : छोटे हरितगृह आणि मोठा वारा

एप्रिल उजाडला की परसबागेविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. थंडीत विचारणा असते ती मेथी-कोथिंबिरीची, कुंडीतल्या मातीची, मिरचीची पाने का आकसतात याची. उन्हाळा चढला की प्रश्न येतो वाऱ्याचा. यंदा श्रीवर्धनकडच्या एका भगिनीने चांगले चार पानी पत्र लिहिले आहे. आखातात असलेल्या मुलाने पाठवलेल्या पैशांतून त्यांनी परसात सहा फूट रुंद, आठ फूट लांब असे पाईप आणि प्लॅस्टिकचे छोटे हरितगृह उभे केले. त्यात आंब्याची कलमे आणि मिरची-वांग्याची रोपे असतात. गेल्या मे महिन्यात वळवाच्या एका झोडप्यात ते अख्खे उचलले गेले आणि गडगा ओलांडून शेजारच्या सुपारीच्या वाडीत जाऊन पडले. त्यांचा प्रश्न एवढाच आहे : "या वेळी कोणती दोरी आणू?"

दोरीचे आम्ही सांगूच, पण दोरी हा या विषयातला शेवटचा प्रश्न आहे. त्याआधीचे प्रश्न अधिक खर्चाचे नाहीत, फक्त अधिक घामाचे आहेत.

आधी हे समजून घेऊ की यात जाते काय. कोय कलमाचा हिशोब ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. पावसाच्या तोंडाला कोयी रुजत घालायच्या, कोवळी तांबूस पाने असलेल्या रोपावर जुलै-ऑगस्टमध्ये हापूसची काडी बांधायची, मग ते कलम पिशवीत वर्षभर सांभाळायचे आणि पुढच्या पावसाच्या सुरुवातीला, लोक लागवड करतात तेव्हा विकायचे. म्हणजे वर्षभराची मेहनत विकण्याजोगी होते ती नेमकी मे-जूनमध्ये, आणि कोकणात वादळी वारा येतो तोही नेमका तेव्हाच. अरबी समुद्रातले 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले ते ३ जून २०२० रोजी. 'तौक्ते' कोकण किनाऱ्याला समांतर सरकत गुजरातेत शिरले ते १७ मे २०२१ च्या रात्री. कागद फाटला तर बाजारात दुसरा मिळतो. कलमाचा जोड निखळला तर ते वर्ष परत मिळत नाही. म्हणून खाली जे सांगणार आहोत त्यात पहिला मान कलमांचा, दुसरा सांगाड्याचा आणि शेवटचा कागदाचा. (प्लॅस्टिकच्या त्या पापुद्र्याला शेतकरी नुसते 'कागद' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.)

आता वारा करतो काय? आपल्याला वाटते तो ढकलतो. भिंतीसारख्या उभ्या बाजूला ढकलतो हे खरे, पण हरितगृह जाते ते बहुधा ढकलल्यामुळे नव्हे, उचलल्यामुळे. छतावरून वेगाने जाणारा वारा छताला वर ओढतो. त्याच वेळी दार उघडे असले किंवा खालची कड सुटली असली तर आत शिरलेला वारा छताला आतून वर रेटतो. वरून ओढ आणि खालून रेटा, दोन्ही एकाच दिशेने. भर वाऱ्यात छत्री उलटी होते तेव्हा जे घडते तेच इथे घडते. फरक एवढाच की छत्रीची मूठ आपल्या हातात असते आणि हरितगृहाची मूठ जमिनीत असावी लागते. चार कोपऱ्यांना चार विटा ठेवणे म्हणजे मूठ नव्हे.

जोर किती, हेही एकदा आकड्यांत पाहू. अभियंते वापरतात तो हिशोब सोपा आहे : वाऱ्याचा सेकंदाला मीटरमधला वेग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचे आणि ०.६ ने पुन्हा गुणायचे, की प्रत्येक चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. किलोच्या भाषेत सांगायचे तर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साडेसात किलोच्या आसपास येतो. ताशी ८० ला तो पंधरा होत नाही, तीस होतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. ताशी ११० ला तोच सत्तावन्न किलोवर जातो. श्रीवर्धनच्या भगिनींच्या हरितगृहाची लांब बाजू सहा फूट उंच धरली तर ती साधारण साडेचार चौरस मीटर भरते. म्हणजे ४० च्या वाऱ्यात चौतीस किलो, ८० च्या वाऱ्यात एकशे पस्तीस किलो आणि ११० च्या वाऱ्यात अडीचशे किलोंहून अधिक जोर त्या एका बाजूवर पडतो. छताचे क्षेत्रही जवळजवळ तेवढेच आहे, आणि त्यावर उचलणारा जोर वेगळा. बाजारात मिळणारा आयता सांगाडा दोन माणसे सहज उचलून बाजूला ठेवतात. वाऱ्यालाही ते तितकेच सहज जमते.

म्हणून पहिले काम पायाचे. सहा खांब असतील तर सहा खड्डे, प्रत्येक एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट खोल. त्यात पाईप उभा करून एकास दोन, दोनास चार या प्रमाणात सिमेंट, वाळू आणि खडी भरायची. एक घनफूट काँक्रीटचे वजन पासष्ट किलोच्या वर असते. म्हणजे एका खड्ड्यात सुमारे शंभर किलो आणि सहा खड्ड्यांत सहाशे. दोन पोती सिमेंटमध्ये हे सगळे होते. पाईपच्या खालच्या टोकाला आरपार भोक पाडून वीतभर सळई आडवी घालायला गवंड्याला आवर्जून सांगा, नाहीतर काँक्रीट जागेवर राहते आणि गुळगुळीत पाईप त्यातून उपसून निघतो. आठवडाभर पाणी मारा. हे काम एप्रिलमध्येच उरकायचे, आभाळ भरून आल्यावर नव्हे.

कोकणात एक अडचण हमखास येते. वीतभर मातीखाली जांभा लागतो आणि दीड फूट खणायचे म्हणजे पहारीची धार जाते. तिथे खड्ड्याचा हट्ट धरू नये. जांभ्यात सळईच्या जाडीपेक्षा थोडे मोठे भोक पाडून दीड-दोन फूट लांबीची सळई त्यात सिमेंटच्या रबडीत रोवावी आणि खांब तिला क्लॅम्पने आवळावा. पुळणीच्या जागेत, समुद्राजवळ, नेमके उलटे : खणणे सोपे, पण खुंटा धरत नाही. तिथे अडीच फूट खोल खड्ड्यात एक अख्खा चिरा आडवा पुरायचा, त्याच्या कमरेला जाड गॅल्व्हनाइज्ड तारेचे दोन फेरे घालायचे, तारेचे टोक वर ठेवायचे आणि खड्डा थराथराने पाणी मारून चोपत भरायचा. वाऱ्याला मग तो चिरा एकटा नव्हे, त्याच्यावरच्या सगळ्या वाळूसकट उचलावा लागतो. घर बांधून उरलेले चिरे बहुतेक परसांत पडलेले असतातच.

नुसत्या खुंट्यांवर भागवायचे असेल तर निदान दोन फूट लांबीचा लोखंडी अँगल घ्या आणि तो सरळ ठोकू नका. खुंट्याचे डोके हरितगृहापासून बाहेरच्या बाजूला कललेले हवे, म्हणजे दोरीची ओढ त्याला उपसत नाही, जमिनीत अडकवते. पुष्कळ ठिकाणी आम्ही खुंटे आतल्या बाजूला झुकलेले पाहिले आहेत. पहिल्या मोठ्या पावसात माती लोण्यासारखी मऊ झाली की असा खुंटा हाताने निघतो.

पाया झाला की सांगाडा. चौकोन कितीही जाड पाईपचा केला तरी तो डुलतो. चारपाईचे पाय ढिले झाले की ती जशी एका बाजूला झुकते तसा तो झुकतो. त्रिकोण झुकत नाही. म्हणून चारही कोपऱ्यांत खालून वर तिरपे पाईप हवेत, आणि छताखाली लांबीच्या दिशेने आडवा पाईप हवा, जो सगळ्या कमानी एकमेकींना बांधून ठेवील. आयत्या सांगाड्यांत प्लॅस्टिकच्या एल्बोत पाईप नुसते खुपसलेले असतात. ते खुपसणे वर ओढ बसली की निघते. प्रत्येक जोडाला आरपार स्क्रू मारा किंवा लोखंडी क्लॅम्प लावा. शे-दीडशे स्क्रूंचे काम आहे. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना सुट्टीत द्यावे, तेवढाच मोबाईल खाली राहील.

छताचा आकारही पाहावा. सपाट छत करू नये. कोकणच्या पावसात सपाट कागदावर पाण्याचे पोट सुटते, आणि एक सेंटीमीटर उंचीचे पाणी दर चौरस मीटरला दहा किलो भरते. वाऱ्याने जे मोडत नाही ते पाण्याने खाली बसते. अर्धगोल कमान वारा आणि पाणी दोघांनाही वाट देते.

कागद घेताना पोत पाहून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा पांढरा कागद एक उन्हाळा खातो आणि पापडासारखा तडकतो. पॉलिहाऊससाठी मिळणारा, उन्हाला टिकणारा २०० मायक्रॉनचा कागद मागा. दुकानदार त्याला ८०० गेजही म्हणतो. तो नीट सांभाळला तर तीनेक वर्षे जातो. कागद बसवण्याची वेळही महत्त्वाची आहे. किनाऱ्यावर दुपार व्हायच्या आत खारे वारे सुटतात, मग दहा हातांनी तो आवरत नाही. फजरनंतर कामाची तयारी करावी, ऊन थोडे अंगावर येऊ द्यावे आणि आठ-नऊच्या सुमारास, कागद जरा ऊब धरल्यावर तो ताणावा. गारव्यात ताणलेला कागद दुपारच्या उन्हात सैल पडतो, आणि सैल कागद म्हणजे फडफडणारा कागद.

ही फडफड खरी वैरी. कागद एका झटक्यात क्वचितच फाटतो. तो रात्रभर फडफडून पाईपच्या कडेवर घासून फाटतो. त्यावर उपाय दोन. एक, कडा पक्क्या धरणे. मोठ्या पॉलिहाऊसला पन्हाळीसारखी प्रोफाईल पट्टी लावून तीत झिगझॅग स्प्रिंग बसवतात. तीच पट्टी लहान हरितगृहालाही लागते आणि कृषी साहित्याच्या दुकानात सुटी मिळते. खिळे किंवा बाइंडिंग तार कागदात कधी टोचू नका, प्रत्येक भोकापासून चीर सुरू होते. दुसरा उपाय, कागदावरून दोन-दोन कमानींच्या मधोमध पट्टे टाकणे. इथे आमच्या भगिनींच्या दोरीचे उत्तर आले : दोरी नकोच, पट्टा घ्या. बारीक नायलॉन दोरी कागदाला विळीसारखी कापते, आणि नायलॉन ओला झाला की लांबतो, म्हणजे नेमका पावसात सैल पडतो. ट्रकवाले माल आवळायला जो रुंद पट्टा आणि खटक्याची कडी वापरतात तो सर्वांत चांगला. तो दोन्ही बाजूंच्या खुंट्यांना किंवा पुरलेल्या चिऱ्यांच्या तारेला जोडा. एका बाजूच्या नुसत्या पाईपला बांधाल तर पाईपच वाकेल.

कागद जिथे पाईपला टेकतो तिथे उन्हाने तापलेले लोखंड त्याला भाजत असते, म्हणून कागद पहिल्यांदा कमानीवरच जातो. सायकलच्या दुकानात जुन्या ट्यूबा फुकट मिळतात. त्या उभ्या चिरून कमानींवर गुंडाळल्या तर भाजणे आणि घासणे दोन्ही कमी होते. कमानी पीव्हीसी पाईपच्या असतील तर गुंडाळी आणखी जरुरीची, कारण उन्हात पीव्हीसीतून निघणाऱ्या द्रव्याने हा कागद लवकर कुजतो.

लांब बाजूंच्या खालच्या कडा दोन प्रकारे धरता येतात. फूटभर खोल चर खणून कागद त्यात पुरायचा आणि माती चोपायची, किंवा कागद बांबूला गुंडाळून तो बांबू खांबांना बांधायचा. मराठवाड्यात, खानदेशात, देशावर राहणाऱ्यांनी पुरण्याची पद्धत घ्यावी असे आमचे मत आहे. कोकणवाल्यांनी बांबूची. कारण थोड्या वेळाने सांगतो.

दाराबद्दल दोन शब्द. दार नैर्ऋत्येला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या तोंडाला, ठेवू नये. आणि कापडी चेनचे दार म्हणजे दार नव्हे. चेन एकदा ओढ बसून सुटली की सगळे हरितगृह फुग्यासारखे फुगते. लाकडी चौकटीचे, वर-खाली दोन कड्या असलेले दार करून घ्या.

जागा निवडताना अनेकजण घराच्या भिंतीचा आडोसा शोधतात. भिंत चांगली, पण भिंतीच्या कोपऱ्यावरून वारा अधिक वेगाने वळतो, तेव्हा कोपरा सोडून बसा. आणि एकटी उभी भरीव कंपाउंड वॉल वाऱ्याला अडवते कमी आणि उसळवते जास्त. तिच्यावरून उडी मारून तो पलीकडे भोवऱ्यासारखा खाली येतो. त्यापेक्षा अर्धा वारा गाळणारे कुंपण बरे : पन्नास टक्क्यांची शेडनेट जाळी, बांबूची ताटी किंवा गिरिपुष्पाची दाट रांग. अशा कुंपणाचा आडोसा त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत जाणवतो. कोकणच्या किनाऱ्यावर सुरूची बने लावली आहेत ती उगाच नव्हेत. माडाखाली मात्र हरितगृह नको. झावळी पडली तरी कमान वाकते, नारळ पडला तर बोलायलाच नको.

मुंब्रा, भिवंडी, मालेगावच्या वाचकांचा परस म्हणजे गच्ची. गच्चीवर वारा जमिनीपेक्षा नेहमीच जोराचा असतो आणि तिथे पाया खणता येत नाही. स्लॅबला भोके पाडून बोल्ट मारण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, पावसात खालच्या घरात गळती लागेल आणि शेजारधर्माला तडा जाईल. तिथे वजनच कामाला येते, आणि सर्वांत स्वस्त वजन पाण्याचे. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. असे कॅन भरून खालच्या पाईपला पट्ट्याने बांधा. नुसते शेजारी ठेवलेले वजन उपयोगाचे नाही, सांगाडा वजनाला बांधलेला हवा. दोनशे लिटरचा ड्रम ठेवायचा तर स्लॅबच्या मधोमध नव्हे, खाली भिंत किंवा तुळई आहे तिथे. पण खरे सांगायचे तर चौथ्या-पाचव्या मजल्याच्या गच्चीवर माणसाच्या उंचीचे प्लॅस्टिकचे हरितगृह असूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परसातले उडाले तर शेजारच्या वाडीत पडते. गच्चीवरचे उडाले तर खाली रस्त्यावर चालणाऱ्या माणसावर किंवा विजेच्या तारांवर पडते. गच्चीवाल्यांनी कठड्याच्या आत, कमरेच्या खाली राहील एवढेच बुटके करावे.

एवढे सगळे केले तर हरितगृह किती वारा सोसेल? वळवाचा झोडपा, पावसाळ्यातले नेहमीचे वारे, हे सोसेल. चक्रीवादळ सोसेल असे आम्ही लिहून देणार नाही. देशाच्या बांधकाम मानकात मुंबईसाठी धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर. पुण्यासाठी तो ३९ मीटर आहे. पक्क्या इमारती या वेगाचा विचार करून बांधतात. पाईप आणि कागदाच्या खोपटाने त्यांच्याशी बरोबरी करायची नसते.

तेव्हा कोकणात खरी हुशारी ही की, वादळ येण्यापूर्वी आपणच कागद उतरवायचा. नुसत्या पाईपच्या सांगाड्यातून वारा आरपार निघून जातो, त्याला धरायला काही उरत नाही. म्हणूनच वर बांबूची पद्धत सांगितली. पट्टे सोडले, दोन्ही बांबू सोडले की दोन माणसे अर्ध्या तासात कागद गुंडाळून पडवीत ठेवू शकतात. पुरलेला कागद असा निघत नाही. चक्रीवादळ दोन-तीन दिवस आधी कळते. हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा येतो, बंदरावर बावटा चढतो, होड्या खाडीत शिरतात. वाऱ्याचा अंदाज ताशी ६० किलोमीटरच्या वर गेला की आम्ही कागद उतरवा म्हणू. मग कोणी कितीही म्हणो की "एवढे काही होत नाही." चार वेळा उतरवून तीन वेळा वादळ वाकडी वाट करून गेले तरी नुकसान फक्त दोन तासांच्या मेहनतीचे आहे. कागद आदल्या दिवशीच्या शांत सकाळी उतरवायचा. वारा सुटल्यावर तो शिडासारखा भरतो आणि माणसाला ओढून नेतो.

देशावरचे गणित वेगळे आहे. तिथली एप्रिल-मेची वावटळ अर्धा तासही देत नाही. दुपारी ऊन, चारला काळे आभाळ, आणि पत्रे उडायला लागतात. तिथे उतरवण्याच्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून कडा कायमच्या पुरलेल्या बऱ्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारांनी जे केले ते ज्यांनी पाहिले ते कागदावर वीतभर अंतर ठेवून गारपिटीची जाळीही लावतात. तेही चांगलेच, फक्त ती जाळी वेगळ्या खांबांवर हवी.

कागद उतरवला की कलमांचे काय? कलमांच्या पिशव्या उभ्या ठेवू नयेत. घराच्या भिंतीलगत, एकमेकींना चिकटून आडव्या निजवाव्यात, जोडाची बाजू आतल्या अंगाला. वर ओल्या पोत्यांचा थर आणि त्यावर जाळी. आडवे कलम दोन दिवस काही बिघडत नाही. आधी पाणी दिलेले असावे, ओली पिशवी जड असते. कोणत्या भिंतीलगत, हा प्रश्न चक्रीवादळात फसवा ठरतो, कारण वादळ सरकते तसा वारा दिशा बदलतो. सकाळी पूर्वेकडून येणारा वारा दुपारी दक्षिणेकडून येऊ शकतो. वादळाचा मध्य थेट गावावरून गेला तर मध्येच सगळे शांत होते, लोक बाहेर येतात, आणि मग वारा उलट्या बाजूने तुटून पडतो. म्हणून एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला चिऱ्यांची दोन थरांची रांग, असा दोन्ही अंगांनी आडोसा करावा. पडवीत जागा असेल तर सरळ पडवीत घ्या. दोन रात्री घरात माती होईल, घरातल्या मोठ्यांनी तेवढे सोसावे.

आणि एक गोष्ट पत्राबाहेरची. श्रीवर्धनच्या भगिनींनी जाता जाता लिहिले आहे की, झोडपा आला तेव्हा त्या आणि त्यांची सून दोघी आतून कमान धरून उभ्या होत्या. हे कधीही करू नका. वर हिशोब दिला आहे : ८० च्या वाऱ्यात एका बाजूवर एकशे पस्तीस किलो. दोन बायकांनीच काय, चार पुरुषांनीही ते धरून ठेवता येत नाही. वर लोखंडी पाईप हातात, आभाळात वीज, आणि अंगणावरून गेलेली विजेची तार. दर वर्षी कलमे पुन्हा बांधता येतात. वारा सुटल्यावर जे उडायचे ते उडू द्या आणि दार लावून घरात बसा. मुले "नुसता बघून येतो" म्हणत बाहेर पळतात, त्यांना हाताला धरून आत ठेवा. विजेची सूचना देणारे 'दामिनी' हे ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेले आहे, ते घरातल्या एका तरी फोनवर असावे.

वादळ गेल्यावर घाईने परसात शिरू नका. आधी तुटलेली तार कुठे लोंबते आहे का ते पाहा. असेल तर लांब राहा आणि वीज मंडळाला कळवा. समुद्राजवळ असाल तर सांगाड्यावर खाऱ्या पाण्याचा फवारा बसलेला असतो, तो गोड्या पाण्याने धुवावा, नाहीतर जोडाच्या स्क्रूंपासून गंज धरतो. कलमांवरही साधे पाणी मारावे, खार पानाची कड जाळतो. वादळानंतर बहुधा लख्ख ऊन पडते. दोन दिवस अंधारात निजलेली कलमे एकदम उन्हात आणली तर वाऱ्यातून वाचलेली उन्हात जातात. तीन-चार दिवस जाळीच्या सावलीत उभी करावीत, जोडाची पट्टी सुटली असेल तर पुन्हा आवळावी. कागद लगेच चढवू नये, आधी प्रत्येक खांब हलवून पाहावा. जो खांब हलतो त्याच्या भोवतीची माती पुन्हा चोपावी. नुकसान मोठे असेल तर काहीही हलवण्याआधी फोटो काढून ठेवावेत आणि पाईप-कागदाची बिले जपावीत, पंचनाम्याला तलाठी आले की ती लागतात.

भगिनींनी विचारले आहे की गेल्या वर्षीचा फाटका कागद टाकून द्यावा का. टाकू नका. त्याचे धड राहिलेले तुकडे कापून मिरचीच्या वाफ्यावर वेताच्या कमानी करून बुटके बोगदे करता येतात. गुडघ्याएवढी उंची, दोन्ही कडा मातीत पुरलेल्या. वाऱ्याला ते इतके खाली असतात की तो बहुधा वरूनच निघून जातो.